प्रवाळातले मासे ओळखायला मी कशी शिकले

नाशिकमध्ये राहून समुद्रातले मासे ओळखायला शिकता येतं का, असं ओळखीच्या बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून एकदाचं सविस्तर लिहून टाकते. शिकता येतं. खरं सांगायचं तर निम्म्याहून जास्त शिकणं पाण्यात उतरायच्या आधीच होतं, कारण खाली गेल्यावर वेळ मिळतच नाही, मासा दोन सेकंद समोर येतो आणि फटीत गायब होतो, तेव्हा काय बघायचं हे आधीच डोक्यात पक्कं असेल तरच काहीतरी हाती लागतं, नाहीतर "खूप छान रंगीत मासे होते" एवढंच सांगत माणूस घरी येतो.

मी मुळात पक्षी बघणारी. थंडी पडली की नांदूरमधमेश्वर ठरलेलं. तिथे जुन्या मंडळींनी एक सवय लावली होती की पक्षी दिसला रे दिसला की लगेच नाव घ्यायचं नाही, आधी चोच बघ, पाय बघ, पाण्यात कसा वावरतोय ते बघ, त्याचं कुळ ठरव आणि मग जात, रंग सगळ्यात शेवटी. माशांना हाच नियम लागतो, उलट जास्तच कडक लागतो, कारण पाण्यात रंग टिकत नाही. लाल रंग पाच-सहा मीटरवरच मावळायला लागतो, मग नारिंगी, मग पिवळा, आणि आणखी खाली सगळंच निळं-राखाडी होऊन जातं. पुस्तकातला लालभडक सोल्जरफिश खाली कपारीत चक्क काळपट तपकिरी दिसतो, टॉर्च मारला की एकदम लाल. आकारमानाचंही तसंच, मास्कच्या काचेतून बघताना वस्तू साधारण एक तृतीयांश मोठी आणि जवळ दिसते, त्यामुळे "एवढा मोठ्ठा होता" याला फार अर्थ नसतो.

तर तयारी पावसाळ्यात सुरू केली. माझा भाचा इंजिनीअरिंगला आहे, त्यालाही यात ओढला, म्हणजे तो स्वतःच आला, स्कूबाचं वेड त्याचंच. आम्ही एक गोष्ट केली ती मी सगळ्यांना सांगते: फिशबेस या माशांच्या माहितीच्या वेबसाइटवरून आणि फील्ड गाइडमधून फोटो घेतले आणि कॉलेज रोडच्या झेरॉक्सच्या दुकानात मुद्दाम ब्लॅक अँड व्हाइट काढून आणले. दुकानातले काका म्हणाले ताई, माशांचे फोटो आणि कलर नको? नको म्हटलं. रंगच काढून टाकला की डोळा आपोआप बाकीचं बघायला लागतो, तोंड कुठे आहे, शेपटी कापलेली की गोल, पाठीवरचा पर, म्हणजे पोहायचा पंख, एक की दोन, डोळ्यावर पट्टा आहे का. एका वेळी एकच कुळ घ्यायचं, ते पक्कं झाल्याशिवाय पुढचं नाही. रात्री जेवणं झाली की भाचा कागद समोर धरायचा आणि परीक्षा चालू. "मावशी, नाव नको सांगूस, आधी कुठे बघशील ते सांग." हे वाक्य मी शंभरदा ऐकलं असेल आणि पाण्यात तेच कामाला आलं.

आता कुळांबद्दल. सगळी कुळं इथे लिहीत बसत नाही, पण कुठल्याही उष्ण कटिबंधातल्या प्रवाळावर जी हमखास भेटतात ती सांगते.

बटरफ्लायफिश म्हणजे ताटलीसारखा चपटा, तोंड बारीक आणि पुढे आलेलं, बहुतेक जातींत डोळ्यावरून काळा पट्टा, आणि बऱ्याचदा जोडीने फिरतात. एंजलफिशही चपटाच असतो, त्यामुळे नवीन माणसाला दोन्ही सारखेच वाटतात, पण एंजलफिशच्या गालाखाली, कल्ल्याच्या झाकणाजवळ मागे वळलेला एक ठसठशीत काटा असतो. तो काटा दिसला की विषय संपला. सर्जनफिशचं शेपटीच्या बुडाशी बघायचं, तिथे दोन्ही बाजूंना धारदार पातं असतं, काही जातींत ते दुमडून ठेवलेलं, काहींत कायम बाहेर. त्यातला पावडर ब्लू हा हिंदी महासागराचा खास मासा, काळं तोंड, पांढरा गळा, आकाशी अंग, पिवळा पाठपर, एवढा ठळक की रंगावरून ओळखला तरी चालेल असे जे मोजके आहेत त्यातला एक.

पॅरटफिश आणि रास हे दोघं नात्यातले आणि दोघंही छातीच्या परांनी वल्हवत पोहतात, शेपूट घाई असेल तेव्हाच. पॅरटफिशचे दात जुळून चोच झालेली असते आणि ती प्रवाळाच्या दगडावर घासून तो शेवाळ खातो, त्याचा आवाज पाण्यात स्पष्ट ऐकू येतो, कोणी शेजारी बसून खडीसाखर फोडतंय असा. दगडाचा जो चुरा पोटात जातो तो वाळू होऊन बाहेर पडतो, मोठ्या जातीचा एक पॅरटफिश वर्षभरात शेकडो किलो वाळू तयार करतो. आपण ज्या पांढऱ्याशुभ्र किनाऱ्यावर फोटो काढतो त्यातली बरीच वाळू याच्या पोटातून आलेली असते. हे कळल्यापासून पॅरटफिशबद्दल मला फार आदर वाटतो.

रंगावर जाऊ नका म्हणते त्याचं सगळ्यात मोठं कारणही हेच दोन. पॅरटफिश आणि रास यांच्यात बऱ्याच जातींत तरुणपणी एक रंग, मादीचा वेगळा, आणि पुढे मोठ्या माद्यांचे नर होतात तेव्हा तिसराच. एकाच जातीचे तीन मासे तुम्ही तीन नावांनी लिहाल. एंपरर एंजलफिशचं तर विचारूच नका, पिल्लू गडद निळं आणि त्यावर पांढरी गोल-गोल वलयं, मोठा झाल्यावर अंगावर पिवळे-निळे आडवे पट्टे. जुन्या काळी शास्त्रज्ञांनी पिल्लाला निकोबारवरून नाव देऊन वेगळी जात म्हणून नोंदवलं होतं.

पोहण्याची तयारी महापालिकेच्या तलावात केली. पोहायला येणं वेगळं आणि मास्क-स्नॉर्कल लावून, पाय न हलवता, पालथं पडून शांत राहता येणं वेगळं. हात मारत पाय झाडत राहिलात तर मासे लांब जातात आणि पायात घातलेली रबरी फिन प्रवाळाला लागून वर्षानुवर्षांची वाढ एका फटक्यात मोडते, फांद्यांचे प्रवाळ वर्षाला काही सेंटिमीटर वाढतात आणि गोल दगडी प्रवाळ तर वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर. म्हणून मी म्हणेन की आधी तलावात स्थिर राहायला शिका, मगच समुद्र. आम्ही पांढरी प्लास्टिकची पाटी घेतली होती, तिच्यावर साध्या पेन्सिलने पाण्याखाली लिहिता येतं आणि नंतर खोडरबरने पुसता येतं, तिचाही सराव तलावातच केला, जीवरक्षक दादा आधी बघत राहिले आणि नंतर स्वतःच पाटी मागून घेऊन लिहून बघितलं.

पहिलं खारं पाणी मालवणचं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळ आहे आणि १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्य आहे हे आपल्याकडे कितीतरी लोकांना माहीतच नाही. पाणी अंदमानसारखं नितळ नसतं, दिवाळीनंतर बरं असतं, तरी गढूळपणा राहतोच. पण शिकायला मला ते आवडलं, कारण धूसर पाण्यात फक्त आकृती दिसते आणि आमचे झेरॉक्स तिथे जिवंत झाल्यासारखे समोर आले. सगळ्यात जास्त दिसतो तो सार्जंट मेजर, डॅमसेलफिशच्या कुळातला, अंगावर पाच काळे उभे पट्टे, पाठीवर पिवळसर झाक. त्याची झुंड तुमच्याभोवती जमते त्याचं कारण मात्र चांगलं नाही, पर्यटकांना मासे जवळ दिसावेत म्हणून पाव टाकला जातो. हे थांबायला हवं असं मला मनापासून वाटतं. आयतं खाणं मिळालं की धीट मासे तिथेच गोळा होतात, बाकीचे बाजूला पडतात आणि शेवाळ खायचं काम मागे राहतं. आमच्या होडीवरच्या काकांना मी विनंती केली की आमच्या वेळी पाव नको, ते लगेच हो म्हणाले, आणि पाव नसतानाही दगडाच्या आडून एक बटरफ्लायफिशची जोडी निघालीच.

मग अंदमान. नाशिकहून मुंबई, तिथून विमानाने पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताचं श्रीविजयपुरम, आणि पुढे बोटीने स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप, तिथले लोक अजून हॅवलॉक आणि नीलच म्हणतात. नोव्हेंबर ते एप्रिल हा चांगला काळ. हॅवलॉकला नेमो रीफ उथळ आहे, नवशिक्यांना तिथेच नेतात आणि ओळखायला शिकायचं असेल तर उथळच बरं, उजेड भरपूर आणि रंगही बऱ्यापैकी टिकलेले असतात.

क्लाउनफिश सगळ्यांना बघायचा असतो, बघाच, पण नुसता "निमो" म्हणून पुढे जाऊ नका. जगात याच्या जवळपास ३० जाती आहेत. तीन पांढऱ्या पट्ट्यांचा नारिंगी तो ओसेलारिस, काळपट अंगाचा आणि पिवळसर परांचा तो क्लार्क्स, आणि गुलाबी-नारिंगी अंगाचा, पाठीवरून नाकापासून शेपटीपर्यंत एकच पांढरी रेघ असलेला तो स्कंक. पट्टे मोजा, रेघ आडवी की उभी बघा, काम झालं. क्लाउनफिश ॲनिमोन नावाच्या मऊ सोंडांच्या समुद्री प्राण्यात राहतात, एका ॲनिमोनमध्ये जो सगळ्यात मोठा दिसेल ती मादी, त्याखालोखाल नर, बाकीची लहान मंडळी. मादी मेली तर नराची मादी होते आणि खालचा एक जण वर सरकतो, म्हणजे पॅरटफिशच्या बरोब्बर उलटा कारभार.

मला स्वतःला सगळ्यात जास्त काय आवडलं तर क्लीनिंग स्टेशन, म्हणजे मासे जिथे अंग साफ करून घ्यायला येतात ती जागा. एका गोल पोराइट्स प्रवाळाच्या वर आम्ही बराच वेळ नुसते तरंगत होतो. तिथे दोन क्लीनर रास होते, बोटाएवढे, निळसर, तोंडापासून शेपटीपर्यंत काळी पट्टी आणि ती मागे रुंद होत गेलेली. ते जागच्या जागी वर-खाली असे लहरत पोहतात, ती त्यांची जाहिरात. थोड्या वेळाने एक स्वीटलिप्स आला, जाड ओठांचा, अंगावर काळे-पांढरे पट्टे, आणि येऊन चक्क स्थिर उभा राहिला, तोंड उघडलं, कल्ले उघडले, आणि त्यातला एक क्लीनर सरळ तोंडात शिरून कल्ल्यातून बाहेर आला. मागे एक हेकरू, म्हणजे ग्रूपर, थांबला होता, आपली पाळी येईपर्यंत त्याने कोणाला हात लावला नाही. आता यात ओळखीची खरी कसोटी अशी की अगदी याच रंगाचा, याच पट्टीचा ब्लेनी नावाचा एक मासा असतो, तो क्लीनरचं सोंग घेतो आणि जवळ गेलं की माशाच्या पराचा लचका तोडतो. फरक फक्त तोंडात आहे. खऱ्या क्लीनरचं तोंड अगदी टोकाला, सोंगाड्याचं खालच्या बाजूला, नाक पुढे आलेलं. भाच्याने वर आल्या आल्या पहिलं वाक्य टाकलं, "मावशी, तोंड टोकालाच होतं ना? मी तीनदा बघितलं."

असाच एक जोडीचा गोंधळ मूरिश आयडल आणि बॅनरफिशचा. दोघांच्या पाठीवर लांब पांढरा तुरा, दोघं काळे-पांढरे-पिवळे. शेपटी बघा, मूरिश आयडलची काळी आणि बॅनरफिशची पिवळी. दुसरं म्हणजे मूरिश आयडलच्या लांबट तोंडावर पिवळा-नारिंगी डाग असतो. मूरिश आयडल आपल्या कुळात एकटाच आहे, बॅनरफिश हा बटरफ्लायफिशच्या घरातला.

वाळूकडे लोक बघतच नाहीत, सगळे प्रवाळाकडे बघत जातात. वाळूत हनुवटीखाली दोन मिशा घेऊन उकरत फिरतो तो गोटफिश. आणि एखादं बोटभर बीळ दिसलं की तिथे थांबा, बिळावर आपली सावली पडू देऊ नका. बिळाच्या तोंडाशी गोबी नावाचा एक छोटा मासा बसलेला असतो आणि आतून कोळंबीच्या जातीतला एक जीव बुलडोझर चालवल्यागत वाळू बाहेर ढकलत असतो. त्याला नीट दिसत नाही, म्हणून बाहेर आला की एक मिशी गोबीच्या अंगाला लावूनच ठेवतो, गोबीने शेपूट थरथरवली की दोघं आत. मी हे वाचलेलं होतं, तरी ती मिशी प्रत्यक्ष गोबीच्या शेपटीवर टेकलेली बघितली तेव्हा डोळ्यात पाणी आलं, मास्कमध्ये.

ज्यांच्यापासून लांब राहायचं ते आधी पाठ करा, हे मी कोणालाही पहिल्यांदा सांगीन. लायनफिश ओळखायला सोपा, पंख पसरलेले आणि पाठीवर विषारी काटे, तो अंगावर येत नाही, आपणच हात लावायचा नाही. स्टोनफिश आणि स्कॉर्पियनफिश दगडासारखे पडून असतात, म्हणून तळावर पाय टेकवायचाच नाही. यांचा काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंशांपर्यंत, तो भाग बुडवून ठेवतात आणि लगेच डॉक्टर गाठतात. मोरे ईल तोंड सारखं उघडतो-मिटतो ते दम देण्यासाठी नाही, तो श्वास घेतोय, तरी कपारीत हात घालू नका. टायटन ट्रिगरफिश मात्र घरट्यावर असला की खरंच चावायला धावतो, त्याची हद्द घरट्यापासून वर रुंद होत जाते, त्यामुळे घाबरून वर जायचं नाही, आडवं बाजूला निघायचं. काळ्या-निळ्या पट्ट्यांचा सी क्रेट हा सापही अंदमानात दिसतो, शेपटी वल्ह्यासारखी चपटी, विष जहाल पण स्वभाव शांत, वाट द्या आणि बघत राहा.

मासे थोडे जमायला लागले की प्रवाळ स्वतः बघा, कारण तोही प्राणीच आहे. सांबराच्या शिंगासारख्या फांद्यांचा किंवा टेबलासारखा पसरलेला तो ॲक्रोपोरा, मोठे गोल दगडी ते पोराइट्स, मेंदूच्या वळ्या असलेले ब्रेन कोरल, आणि कशालाही न चिकटता वाळूवर सुटा पडलेला तो मशरूम कोरल. कठीण आणि मऊ प्रवाळातला फरक जवळून कळतो, मऊ प्रवाळाच्या प्रत्येक पॉलिपला, म्हणजे त्यातल्या एकेका इवल्या जीवाला, आठ हात असतात आणि त्यांना पिसासारख्या कडा, कठीण प्रवाळात सहा किंवा सहाच्या पटीत. फायर कोरल नावाला कोरल आहे, तो वेगळ्याच गटातला आणि लागला की भाजल्यासारखी आग होते, मोहरीसारखा पिवळसर आणि टोकं पांढरी दिसली की लांब व्हा. पोराइट्सवर इवली-इवली रंगीत शंकूची जोडी दिसली तर ती ख्रिसमस ट्री वर्म, दोन शंकू म्हणजे एकच किडा, हात नुसता जवळ नेला तरी टपकन आत जातो. जायंट क्लॅमच्या नागमोडी ओठांचे निळे-हिरवे रंग तर प्रत्येकाचे वेगळे.

एक वाईट ओळखही शिकून घ्यावी लागते. पांढरा प्रवाळ दिसला की लोक मेला म्हणतात. पाणी फार तापलं की प्रवाळ आपल्या अंगात राहणारं, त्याला अन्न पुरवणारं सूक्ष्म शैवाल बाहेर टाकतो, मग त्याचा पारदर्शक मांसल थर आणि खालचा पांढरा सांगाडा तेवढा दिसतो, त्याला ब्लीचिंग म्हणतात. तो अजून जिवंत असतो, पाणी वेळेत थंड झालं तर सावरू शकतो. मेलेल्यावर मळकट हिरवं-तपकिरी शेवाळ चढलेलं असतं. आपल्याकडच्या प्रवाळाने १९९८, २०१० आणि २०१६ चे मोठे तडाखे खाल्ले आहेत, आणि एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या नोआ या समुद्र-हवामान संस्थेने चौथं जागतिक ब्लीचिंग जाहीर केलं, त्याच उन्हाळ्यात लक्षद्वीपला खूप नुकसान झालं. समुद्राच्या तळाचा एक टक्काही भाग प्रवाळाने व्यापलेला नाही आणि समुद्रातल्या साधारण पाव जाती त्याच्या आधाराने जगतात, हे वाचून माहीत असणं आणि एकाच जागी हिरवट जिवंत फांद्या आणि शेजारी मेलेल्या फांद्यांचा ढीग बघणं यात फार फरक आहे. म्हणून पाटीवर मी माशांबरोबर प्रवाळाची स्थितीही लिहायला लागले.

संध्याकाळचं काम तेवढंच महत्त्वाचं. पाटीवरचं त्याच दिवशी वहीत उतरवायचं: जागा, खोली, कुळ, काय करत होता, खात्री आहे की नाही. फोटो असतील तर आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या साइटवर टाकायचे, तिथे जाणकार लोक तपासून देतात. आणि सगळ्याला नाव मिळालंच पाहिजे असा हट्ट नको, "रास, जात नक्की नाही" ही चांगली नोंद आहे.

थोडं व्यवहाराचं. सनस्क्रीन चोपडण्यापेक्षा लांब बाह्यांचा रॅशगार्ड, म्हणजे पोहायचा अंगाबरोबरचा शर्ट, घाला, पाण्यात काही उतरत नाही. स्कूबा केलं असेल तर शेवटच्या डाइव्हनंतर विमानात बसायच्या आधी निदान १८ तास जाऊ द्या, परतीचं तिकीट त्या हिशोबाने काढा. किनाऱ्यावर पडलेला मेलेला प्रवाळाचा तुकडासुद्धा आणू नका, २००१ पासून प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि एअरपोर्टवर सामान तपासतात.

ज्यांना पोहता येत नाही किंवा अंदमानचा खर्च झेपत नाही त्यांच्यासाठी जामनगरच्या पुढे नरारा आहे, कच्छच्या आखातातल्या सागरी राष्ट्रीय उद्यानाचा भाग. ओहोटीला समुद्र इतका मागे जातो की वनखात्याची परवानगी घेऊन गाइडबरोबर चालतच प्रवाळ बघता येतो, ॲनिमोन, समुद्रकाकड्या, खेकडे, पफरफिश, नशीब असेल तर ऑक्टोपस, सगळं घोट्याएवढ्या पाण्यात. माझी आई सत्तरीच्या पुढे आहे, तिला आता तिथे न्यायचं ठरलंय, थंडीत, भरती-ओहोटीचं टाइमटेबल बघून, जाड तळव्याचे जुने बूट घालून. झेरॉक्सचा गठ्ठा सध्या तिच्याकडेच आहे, पफरफिश आणि पॉर्क्युपाइनफिश वेगळे करण्यापर्यंत तिची मजल गेली आहे.